नातलगांचा वास

भरती

ऊद खात नव्हते, खेळत होते.

दोनतोंडाच्या चिखलावर त्या पाणमांजरांचं अख्खं कुटुंब लोळत पडलं होतं. एक पिल्लू चमचमता मासा तोंडात धरून आणी, आईच्या पुढ्यात टाकी आणि परत पाण्यात उडी घेई. आई माशाकडे ढुंकूनही बघत नव्हती. विनयाने इंजिन बंद केलं आणि होडी तशीच वाहू दिली. पाला म्हणजे काही कुणाच्याही हाताला लागणारा मासा नव्हे. जाळ्याची चाहूल लागली की सुटतो तो दिसतही नाही. उदाच्या कालच्या पोराला तो असा वाटेवरच्या बोरासारखा कसा सापडतो?

तिला हे विचित्र वाटलं. पण तेवढ्यात समोरून तिच्या भावाची, दिगूदादाची होडी आली आणि तिने ते विचित्र वाटणं बाजूला ठेवलं. आज तिला फक्त आनंद व्हायला हवा होता.

समुद्राकडून आत येणारी खाडी या ठिकाणी दुभंगते, म्हणून हे दोनतोंड. उजवा फाटा सांबरी नदीचा. तिच्या काठावर आंबेशेत, विनयाचं सासर. डावा फाटा कुडवळीचा. तिथे तिवरआड, तिचं माहेर. दोन्ही गावं मासेमार खारव्यांची, दोन्हींची देवी एक, आणि गेली काही वर्षं दोघांत विस्तव जात नव्हता.

"काय गो, आणलीस काय देवी?" दादा ओरडला.

"आणली. मानाने घे."

"मान आमचा, मासे तुमचे."

पण तो हसत होता. विनयाने ताटली पुढे केली. ताटलीत लाल फडक्यात गुंडाळलेली एक किल्ली, वर सुपारी. दादाने चप्पल काढून, ओणवं होऊन ती उचलली. ही किल्ली ज्या गावाकडे, त्या दिवशी त्या गावाचं यंत्र चालू. शिमग्याची पालखी जशी वाडीवाडीत पाळीने बसते, तशी किल्ली एक दिवस आंबेशेतात, एक दिवस तिवरआडला. कल्पना विनयाचीच.

"पाडव्याला जेवायला ये," दादा म्हणाला. नजर मात्र दोरखंडाकडे. "वहिनी बोलावते तुझी. भावोजींना पण आण."

चार पाडवे कोरडे गेले होते. तिने नुसती मान हलवली आणि इंजिन सुरू करताना दोनदा चुकली.


मध्येच थोडं विज्ञान, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे

पाला, ज्याला बंगाली माणूस हिलसा म्हणतो, तो समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला गोड्या पाण्यात चढतो. कोणत्या नदीत चढायचं हे तो कसं ठरवतो? पुष्कळ वर्षं शास्त्रज्ञांना वाटे, मातीच्या वासावरून. मग कळलं, माती नव्हे, पोरं. ज्या नदीत पाल्याची पिल्लं वाढत असतात, त्या नदीत त्यांच्या शरीरातलं एक पित्ताम्ल किंचित किंचित मिसळत राहतं. किंचित म्हणजे किती? अख्ख्या धरणात चिमूटभर मीठ टाकावं, त्याहूनही कमी. माशाच्या नाकाला तेवढं पुरतं. त्याला त्यातून एकच गोष्ट कळते: इथे आपली माणसं नांदतायत. म्हणजे इथे खायला आहे, पाणी वाहतं आहे, पोरं जगतात. चल.

या शहाणपणाची एक वाईट बाजू आहे. एकदा नदी ओस पडली की कायमची ओस. कुणी नाही म्हणून वास नाही, वास नाही म्हणून कुणी येत नाही.

हे चक्र तोडायला यंत्र आलं. प्रयोगशाळेत बनवलेलं ते आम्ल थेंबाथेंबाने नदीत सोडायचं. कागदोपत्री त्याचं नाव 'आप्तगंध', गावात 'ठिबक'. मत्स्य संशोधन केंद्रातल्या लोकांनी बजावून सांगितलं होतं की हा लग्नाचा मांडव आहे. पाहुणे येईपर्यंत ठेवा, खरी पिल्लं नांदायला लागली की काढा.

आंबेशेतने मांडव काढलाच नाही. कोण काढणार? ओस पडलेल्या सांबरीत पाला असा लोटला की म्हाताऱ्या माणसांनी पाण्याला हात जोडले. विनया बी.एस्सी. झालेली गावची सून. मच्छीमार सोसायटीच्या पगारावर ठिबक तिच्याच हाती आली. आणि शेजारच्या कुडवळीत जो थोडाफार पाला नेमाने येत होता, तोही इकडचा मोठा वास ऐकून इकडे वळला.

त्या वर्षी विनया पहिल्या माशांतला गाभोळीचा, अंड्यांनी भरलेला पाला घेऊन माहेरी गेली. पहिल्या माशाचा वाटा सुनांच्या माहेरी जातो, रीत आहे. दादाने पिशवी उघडली, आत पाहिलं आणि पिशवी तिच्या हातात परत दिली.

"आमचाच मासा आमच्याकडं पावण्यासारखा आणतेस होय?"

त्यानंतर बोलणं बंद. यंदा तिवरआडनेही ठिबक बसवली. दोन्ही नद्या सारख्याच ओरडून बोलवायला लागल्या, आणि पाला दोनतोंडावर येऊन अडकला. ना उजवीकडे ना डावीकडे. तेव्हा दोन गावांच्या होड्यांत वल्ह्यांनी मारामारी होता होता राहिली आणि विनयाने किल्लीची युक्ती काढली. दोघांनाही ती पटली. माणसांना आळीपाळी कळते.


ओहोटी, आणि पाण्याखाली

इथे.

इथे आपली आहेत. वर. आणखी वर.

पोटात अंडी जड आहेत. तरी वर.

(किल्ली फिरते.)

वास पातळ होतो. वास तुटतो.

इथे कुणी नाही. आपण चुकलो. मागे.

तिकडे! तिकडे आपली आहेत. वर.

(किल्ली फिरते.)

इथे कुणी नाही.

माशाला शब्द नसतात. पण गोड्या पाण्यात चढताना तो काही खात नाही, समुद्रातून आणलेल्या चरबीवर चालतो, आणि ती एकदाच खर्चायची असते. सकाळ उलटली की आल्या वाटेने परत फिरायचं, दुसऱ्या फाट्याने चढायचं, पुन्हा परत फिरायचं. अशा माशाला उदाचं पिल्लूही धरतं.


मगर

दुसऱ्या दिवशी दुपारी विनया पाण्याचे नमुने घ्यायला धक्क्याच्या पायऱ्या उतरली. पलीकडे पांगारा लालभडक फुलला होता. खालच्या पायरीवर एक पाला आला. जाळ्यात नव्हे, नुसता आला. कडेला तोंड लावून उभा राहिला, जसं माणूस भिंतीला टेकून श्वास घेतं. तिने वाकून त्याला दोन्ही हातांनी उचललं. तो धडपडलाही नाही. पोट दाबलं न दाबलं तोच अंडी तिच्या बोटांवरून खाऱ्या पाण्यात ओघळली.

"विनया, मागे हो!"

हेमंतचा आवाज. तिचा नवरा धक्क्यावरून धावत येत होता. तिने मान वर केली. हाताच्या अंतरावर पाण्यातलं ओंडक्यासारखं काहीतरी श्वास सोडत होतं. मगरी खाडीला नव्या नव्हेत, पण त्या वरच्या डोहात राहतात, माणसाला बघून बुडतात. ही बुडली नाही. तिचं लक्षच विनयाकडे नव्हतं. ती माशाकडे बघत होती.

विनयाने मासा सोडला आणि ती उलट्या पावलांनी पायऱ्या चढली. मगरीने तोंड उघडलं, घाई न करता. मग बुडबुडे.

तिच्या मागे आणखी दोन ओंडके होते. आभाळात घारी, तिवरांवर बगळे, वर कुठेतरी समुद्रगरुड. सगळं रान जेवायला आलं होतं.

"कधीपासून आहेत ह्या इथे?" तिने विचारलं.

"तुमची आळीपाळी सुरू झाली तेव्हापासून," हेमंत धापा टाकत म्हणाला. "आमच्या जाळ्यातलं खेचून नेतात. मी बोललो नाही. तू एवढी खूश होतीस."


फोन

केंद्रातल्या डॉ. फातिमा मुकादम झटपट बोलत, पण आज सावकाश बोलल्या.

"विनयाताई, तुम्ही पाठवलेले मागचे सगळे नमुने तपासले, रिपोर्ट पाठवलाय. कुडवळीच्या पाण्यात खऱ्या पिल्लांच्या डीएनएची खूण आहे. बारीक, पण आहे. सांबरीत नाही. एकाही नमुन्यात नाही."

"पण मोठा मासा तर आमच्याकडेच जास्त चढला."

"चढला. अंडीही घातली. पाल्याची अंडी वाहत वाहत फुटतात, त्यांना गोड्या पाण्याचा लांब प्रवाह लागतो. तुमच्या नदीवर बंधारा आहे. बंधाऱ्याखाली उरलेलं गोडं पाणी म्हणजे गल्ली आहे नुसती. अंडी फुटण्याआधीच खाऱ्यात पोचतात."

"म्हणजे आमची ठिबक..."

"नातलग नसलेल्या घरातून नातलगांचा आवाज काढते. बंद करा. आणि कुडवळीची सलग चालू ठेवा, यंदापुरती, या थकलेल्या माशांना एक वाट मिळू दे. दोन्ही बंद केल्या तर खरा वास शोधायची ताकद त्यांच्यात उरलेली नाही. आणि ताई, यंदा तिकडे जाळं पडायला नको. हाच शेवटचा कळप समजा."

फोन ठेवल्यावर विनयाला आधी पाडव्याचं जेवण आठवलं. लाज वाटली, पण तेच आठवलं. आंबेशेतला सांगायचं: तुमचं बंद. तिवरआडला सांगायचं: तुमचं चालू, पण हात लावायचा नाही. दोन्ही उंबरठ्यांवर एकाच दिवशी वाईट व्हायचं. आणि गप्प बसली तर? तर पाडव्याला दादाच्या हातचं पान, हसणं, किल्ली, सुपारी. आणि पुढच्या वर्षी रिकामं दोनतोंड.


हेमंत आणि विनया, चुलीपाशी

"सोसायटीला मी काय सांगू? चेअरमन मी आहे."

"खरं ते सांग."

"खरं हे की माझी बायको म्हणते, आपलं बंद करा आणि तिच्या भावाचं चालू ठेवा."

"रिपोर्ट आहे केंद्राचा."

"रिपोर्ट मी वाचला. मी वेडा नाही. मी तुला दुसरंच विचारतोय. बंधारा तिकडे असता आणि पिल्लं इकडे, तर दिगूशेटच्या तोंडावर जाऊन म्हणाली असतीस, दादा बंद कर?"





"माहीत नाही."

"माहीत नाही?"

"नाही माहीत. त्याने कालच मला जेवायला बोलावलंय. कदाचित गप्प बसले असते. आत्तासुद्धा मी दुपारपासून गप्पच होते."

"हां."

"हां काय?"

"छातीवर हात मारून 'म्हणाले असते' असं म्हणाली असतीस ना, तर मी हा कागद चुलीत घातला असता. आता चहा कर. मला विचार करू दे. तुझ्या भावावर विश्वास ठेवायचा म्हणजे साधी गोष्ट नाही."


सभा

मासळी उतरवायच्या शेडमध्ये आंबेशेत जमलं. विनयाने सांगितलं, नकाशावर बंधारा दाखवला, अंड्यांचं सांगितलं. ती खाली बसायच्या आत बाबल्या तांडेल उठला. गावातला सगळ्यात जुना नाखवा, आणि जीभ त्याहून जुनी.

"सून आमची, पगार आमचा, आणि ओढ माहेरची!"

हशा झाला. दुसरा कुणी म्हणाला, "उद्या म्हणेल, होड्यापण तिकडे बांधा."

"हसा," विनया म्हणाली. "बाबलमामा, तुम्ही या वर्षी पाला धरलात. हातात कसा लागला?"

बाबल्याचं हसू थांबलं. त्याने तंबाखू मळायला घेतली. "लागला कसला. मेल्यासारखा. गाभोळीला चव नाय. ओल्या पिठासारखी."

ते सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनी खाल्लं होतं.

"बंद करू एकवेळ," कुणीतरी म्हणालं. "पण तिवरआडचे हात बांधून बसतील? दारातून मासा जातोय आणि ते भजन करतील? आपण बंद करायचं आणि त्यांनी पोतीच्या पोती भरायची."

"राखण ठेवू," हेमंत म्हणाला.

"त्यांच्या खाडीत आपला राखणदार? काठीने हाणतील."

"मला नाही हाणणार." हेमंत उठून उभा राहिला. "मी जावई आहे त्या गावचा. दारात आलेल्या जावयाला परत पाठवायची हिंमत आहे कुणाची? पाला अंडी घालून परत फिरेपर्यंत मी सासुरवाडीत राहायला जातो."

या वेळचा हशा वेगळा होता. बाबल्या तांडेलला तर ठसका लागला.


तिवरआड

दादाने सगळं ऐकून घेतलं. तो जाळं शिवत होता. नवं जाळं, पाल्याचं, ठिबक आली तेव्हा हौसेने घेतलेलं.

"म्हणजे मासा आमच्या दारात येणार, अंगणातून जाणार, आणि आम्ही काय करायचं? नमस्कार?"

"हो."

"आणि भावोजी राखणीला."

"हो."

"चोर समजता काय गो आम्हांला?"

"दादा, मी असते तुझ्या जागी तर मला नसता धीर धरवला. म्हणून राखण. तू वाईट आहेस म्हणून नव्हे."

"चार वर्षं!" त्याने सुई फेकली. "चार वर्षं रिकामी खाडी बघितली मी. पोरं मुंबईला पाठवली. आता आला, तर म्हणतेस बघ नुसता." तो उठला, बाहेर गेला, परत आला. "तू त्यांचीच झालीस."

"तिथे म्हणाले, तू यांचीच राहिलीस."

आतून वहिनी पदराला हात पुसत आली. तिने अर्धंच ऐकलं होतं, पण नेमकं अर्धं.

"अगो बाय, जावय राहायला येणार? आणि मासा धरायचा नाय? मग ताटात काय वाढू, तुझं यंत्र?"

खारव्याच्या घरी जावई आणि ताटात मासा नाही! दादाच्या चेहऱ्यावर राग होता त्याच्या जागी आता खरीखुरी घालमेल दिसायला लागली. समुद्रावरून विकत आणावा तर गाव म्हणेल, खाडीकाठच्याने बाजारातून मासा आणला. नाही म्हणून दार लावावं तर त्याहून वाईट.

"येऊ दे," तो शेवटी म्हणाला. "घरचा माणूस आहे. येऊ नको कसं सांगू?" आणि मग विनयाकडे पाठ करून: "पण तुझ्याशी मी बोलणार नाय."

विनयाने कनवटीची किल्ली काढून कोनाड्यात ठेवली. ताटली नव्हती, सुपारी नव्हती. ती आता फिरायची नव्हती.

घरी परतल्यावर तिने सांबरीच्या काठावरची ठिबक सोडवली, टाकी धुतली, नळ्या गुंडाळल्या. धक्क्यावर उभी असलेली माणसं बघत राहिली. कुणी मदतीला आलं नाही, कुणी अडवलंही नाही.


भरती

वासाला दुसरा फाटा उरला नाही, तरी दोनतोंडावरचा पाला काही भरत्या तसाच घुटमळला. विनया रोज होडीतून जाई, कुडवळीच्या तोंडाशी मासे टिपणाऱ्या यंत्राची वायर पाण्यात सोडून बघे. काही नाही. पाडवा आला. तिवरआडला तिच्यासाठी पान वाढलं होतं. दादा शब्द पाळणारा. तो हेमंतशी बोलला, वहिनीशी बोलला, बहिणीकडे भात सरकवताना वाटीशी बोलला.

हेमंत मात्र तिथे चांगलाच रुळला होता. ओल्या काजूची उसळ, वालाचं बिरडं, फणसाची भाजी. "भावोजी, लाजू नका, घ्या," असं दादा दर घासाला दात आवळून म्हणे, आणि हेमंत दर घासाला घेई. दिवसा दोघं एकाच होडीत बसून खाडीवर पहारा करत. कोण कुणावर पहारा करतो हे पहिल्या दिवशी तरी स्पष्ट होतं.

पाडव्याच्या जेवणानंतर पाणी चढायला लागलं तशी विनया त्यांच्या होडीत आली. ऊन पाण्यावर आडवं पडलं होतं. होडी कुडवळीच्या वळणावर बांधलेली, पाणी तिथे पुरुषभर आणि स्वच्छ. दादा पुढे नाळेवर, हेमंत मागे, विनया मध्ये, मांडीवर यंत्र.

आधी यंत्राला कळलं. मग तिला. तळाजवळचा वाळूचा रंग बदलला, वाळूच चालायला लागली असं वाटलं. एक आला, अंग होडीला घासून गेला. मग दहा-वीस, मग मोजायची गोष्टच राहिली नाही. थकलेले, शेपट्या फाटलेले, काहींच्या अंगावर मगरीच्या दातांच्या रेघा. पण तोंडं सगळ्यांची एका दिशेला. कुणी वळत नव्हतं.

होडी किंचित कलली. विनयाने बघितलं. दादा एका बाजूला वाकला होता, हेमंत त्याच बाजूला. दोघांचे उजवे हात अर्धवट उचललेले, बोटं वळलेली, जाळं फेकायच्या आधी वळतात तशी. जाळं घरी होतं. हातांना ते माहीत नव्हतं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकदम हात खाली घेतले.

"दिगूशेट," हेमंत म्हणाला, "मी राखणदार आहे."

"दिसलं मला."

"नाही राहवत हो."

"मला राहवतंय काय?" दादाने कपाळावरचा घाम पुसला. खाली चांदी वाहत होती, हात बुडवला तर लागेल एवढ्या वर. "असं करा भावोजी. डोळे मिटा. मीपण मिटतो. नायतर आज तुमची राखण पण जाईल आणि माझा शब्द पण."

आणि दोन गावचे दोन खारवी, ज्यांच्या बापजाद्यांनी कधी माशावरून नजर काढली नव्हती, डोळे गच्च मिटून, काठ धरून बसले. फक्त विनया बघत होती. पाणी होडीच्या बुडाला चुळुकचुळुक वाजत होतं. तो आवाज त्या दोघांनाही ऐकू येत होता, आणि दर वेळी दादाचा जबडा हलत होता.

बराच वेळ गेला.

"गेले काय गो, विनू?" दादाने विचारलं. डोळे मिटलेलेच.

"नाय, दादा," ती म्हणाली. "जातायत अजून."